'शेकलं की झालं' म्हणणाऱ्या वाचकास

पायाच्या धमन्या अरुंद होण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'वयानं पोटऱ्या दुखतातच, तेल लावून शेकलं की झालं. गूगल वाचून डॉक्टर होऊ नका, म्हाताऱ्यांना घाबरवू नका.' विरोध खुशाल करा. पण ओळख ना पाळख, थेट अक्कल काढायची ही कुठली रीत? मी डॉक्टर आहे असं लेखात कुठंही म्हटलेलं नाही.

आता 'शेकलं की झालं'बद्दल. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, खिशात विडीबंडल कायम. बाजारात जाताना मारुतीच्या देवळापाशी आलं की उजवी पोटरी आवळून यायची. कठड्याला टेकून दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहिलं की थांबायचं. पुन्हा तेवढंच चाललं की परत तेच. सांधेदुखी अशी ठरल्या अंतरावर येते का हो? चालताना स्नायूला रक्त जास्त लागतं, अरुंद धमनीतून ते पुरत नाही. उभं राहिलं की भागतं. तेव्हाही सगळे 'वयाचं आहे' असंच म्हणाले. पुढं आडवं झालं की पावलाची आग व्हायची, म्हणून रात्र-रात्र पाय खाटेखाली सोडून बसायचे. अशात तुमच्यासारख्याच एकानं गरम पाण्याची पिशवी सुचवली. रक्त कमी पोचणारी कातडी तो शेक सोसत नाही. करंगळीला फोड आला, तो भरलाच नाही, काळा पडला आणि बोट काढावं लागलं. ड्रेसिंग मी स्वतः करायचो. हे गूगलवर वाचलेलं नाही.

एक मुद्दा तुमचा बरोबर: मधुमेह असेल तर तपासणीचा आकडा फसवू शकतो. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब ०.९ किंवा त्याहून कमी आला तर धमनीत अडथळा धरतात. पण मधुमेहात धमन्या कडक झाल्या की हा आकडा फसवा चांगला येऊ शकतो. ते वाक्य लेखात घातलं आहे. तुमच्या प्रतिक्रियेतलं बाकीचं, म्हणजे वात, नस चढणं, तुमचे आजोबा, यांवर मी वेळ घालवणार नाही.

आणि घाबरवलं कुठं? लेखाचा अर्धा भाग चालण्यावरच आहे: चांगलं दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला, अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, किमान तीन महिने, डॉक्टरांना विचारून. विडी-तंबाखू पूर्ण बंद. पाय अचानक गार, पांढरा पडून दुखू लागला तर मात्र तासही न दवडता दवाखाना गाठायचा. इथवर तुम्ही वाचलेलं दिसत नाही. पुढच्या वेळी वाचून लिहा, आणि नाव घालून लिहा.