"दुसरं काही मिळालं नाही का?"

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी इथूनच पुढे सरका, राग नाही.

झालं असं की आज नातेवाईक जमले होते. माझी भाची यंदा पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. एका काकांनी (नाव घेत नाही, वयाने मोठे आहेत) तिला विचारलं, "काय घेतलंस मग?" ती म्हणाली, "बॉटनी." काका क्षणभर गप्प. कुणाच्या घरी आजारपण आहे असं कळल्यावर आपण जसा चेहरा करतो, तसा चेहरा. मग म्हणाले, "अरेरे. दुसरं काही मिळालं नाही का? त्यात काय, झाडांची नावंच पाठ करायची ना?"

आजूबाजूचे हसले. तेही मी गिळलं असतं, माणसं बोलतात. पण अर्ध्या तासाने दुसऱ्या कुणीतरी तिला तेच विचारलं आणि पोरगी म्हणाली, "सायन्स." बस. पुढे काही नाही. समोरच्याने मान डोलावली, विषय संपला.

ते "सायन्स" मला लागलं. कारण ते उत्तर माझं आहे. पदवीच्या तिन्ही वर्षांत मीसुद्धा तेच देत होते.

आता तुम्हाला मी सूर्यफुलाच्या खोडाची गोष्ट सांगते. जुन्या मित्रमैत्रिणींना पाठ आहे, तरी पुन्हा ऐका.

पहिलं वर्ष, प्रात्यक्षिकाचा तास. सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडाचा आडवा छेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली आरपार दिसेल इतका पातळ काप, घ्यायचा होता. ऐकायला सोपं वाटतं. खोडाचा तुकडा अंगठा आणि बोटात उभा धरायचा, वस्तरा पाण्याने ओला करायचा आणि करवतीसारखा पुढेमागे न नेता एका ओढीत आपल्याकडे आणायचा. मी कापलं. मॅडम आल्या, काचेच्या वाटीतल्या पाण्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "ही चकती झाली. छेद घे." पुन्हा कापलं. "चकती." पुन्हा. आता एका बाजूला जाड, दुसरीकडे कागदासारखा. "पाचर." बावीस वेळा! मोजले होते मी, कारण रडू आवरायला काहीतरी मोजावं लागतं. बोटाला दोनदा वस्तरा लागला तो वेगळाच.

ती गोष्ट पुरी करते नंतर. आधी काकांचं बघू.

झाडांची नावं पाठ करायची ना? काका, तुमच्या लाडक्या मेडिकलचा पाया कुठून आला ते सांगू का? पेशीला इंग्रजीत सेल म्हणतात ते का? १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला खोल्याखोल्या दिसल्या, म्हणून. सेल म्हणजे छोटी खोली. बूच म्हणजे झाडाची साल. पेशीतल्या केंद्रकाला ते नाव दिलं रॉबर्ट ब्राउनने, ऑर्किड बघताना. तो वनस्पतीशास्त्रज्ञ. आनुवंशिकतेचे नियम मेंडेलला वाटाण्यात सापडले. विषाणू नावाची काहीतरी वेगळीच चीज आहे हे पहिल्यांदा उमगलं ते माणसाच्या आजारात नाही, तंबाखूच्या पानावरच्या ठिपक्यांत, १८९० च्या दशकात. गुणसूत्रावरचे काही तुकडे उड्या मारतात हे बार्बरा मॅक्लिंटॉकला मक्याच्या दाण्यांच्या रंगावरून कळलं. बाई डॉक्टरेट वनस्पतीशास्त्रातल्याच. लोकांनी वर्षानुवर्षं मनावर घेतलं नाही आणि १९८३ मध्ये नोबेल दिलं, तेव्हा त्यांचं वय ८१.

आणखी एक माझं आवडतं. १९९० च्या सुमारास काही जण पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद करायला गेले. रंगाच्या जनुकाची जादा प्रत आत घातली. फुलं निघाली पांढरी! काही ठिपकेदार, काही अर्धी अर्धी. का, ते कुणालाच कळेना. जनुकाचा आवाज बंद करायची पेशीकडे स्वतःची यंत्रणा असते, तिची ती एक सुरुवातीची चाहूल होती. पुढे ती यंत्रणा सूत्रकृमींत उलगडली, त्याला २००६ चं नोबेल, आणि आज त्यावर औषधं निघालीत. फुलाचा रंग चुकला म्हणून निघालेली गोष्ट आहे ही. पाठ करा म्हणावं आता.

हो, "झाडं ऑक्सिजन देतात" हे प्रवचन मी करणार नाही. मला त्याचा कंटाळा आलाय. वर्षातून एकदा खड्ड्यात रोप ठेवून फोटो काढणाऱ्यांनी ते वाक्य इतकं झिजवलंय की त्यात आता काही उरलेलं नाही. त्या फोटोतल्या रोपाचं नाव विचारा कुणाला. "रोप" म्हणतील.

बरं, नोकऱ्या कमी आहेत. मान्य. नुसत्या पदवीवर तर फारच कमी, पुढे शिकावंच लागतं आणि पुढेही रांग असतेच. मी स्वतः आज दिवसभर आकड्यांचे तक्ते भरते, झाडाशी कामाचा संबंध नाही. झालं समाधान?

पण मला सांगा, हा प्रश्न बाकीच्या किती विषयांना विचारता? बाकीच्या पदव्या घेतलेले सगळे आपापल्या विषयातच पोट भरतायत का? आजूबाजूला बघा. नाहीत. त्यांना कुणी "अरेरे" म्हणत नाही.

आणि आता जरा आपल्याच माणसांवर घसरते, कारण सगळा दोष काकांचा नाही. आम्हाला वर्गीकरण शिकवणारे एक सर होते. पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचायचे, आम्ही उतरवायचो. कुळाची लक्षणं, पानं अशी, पुष्पविन्यास असा, निदलं पाच, दलं पाच, पुंकेसर अमुक. पुष्पसूत्र. पुढचं कूळ. वर्षभर एक फूल टेबलावर आलं नाही, आणि खिडकीबाहेर झाड फुललेलं! आम्ही शैवाल, कवक, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा असा जिना घोकत चढलो आणि परीक्षेनंतर दोन महिन्यांत घसरत खाली आलो. असं शिकवलं तर नावंच पाठ करायची असतात, काकांचं काय चुकलं? हे लिहिताना मला जास्त राग येतोय, खरं सांगते. बाहेरच्याने हसावं ते ठीक. पण ज्यांच्या हातात हा विषय दिला त्यांनीच तो वाळवून कागदाला चिकटवला.

मॅडम वेगळ्या. छेदांच्या आधीच्या आठवड्यात त्या सूर्यफूल घेऊन आल्या होत्या. विचारलं, "ही किती फुलं?" आम्ही हसलो. एक. त्यांनी चिमट्याने मधल्या गोलातून एक बारीक नळी उपटली आणि हातात दिली. "हे एक. मोजा आता." त्या नळीत पुंकेसर होते, स्त्रीकेसर होता, खाली इवलीशी बीजांडकोशाची कुपी होती. पूर्ण फूल. आपण ज्याला सूर्यफूल म्हणतो तो शेकडो फुलांचा जमाव, आणि कडेच्या पिवळ्या पाकळ्या म्हणजेसुद्धा एकेक फूल. मी अठरा वर्षांची होते आणि अठरा वर्षं खोटं बघत होते. त्या दिवसापासून कुठलंही झेंडूसारखं फूल मला सरळ नजरेने बघता येत नाही. एक उपटतेच.

तर तो तेविसावा छेद. मी कापला आणि मला वाटलं काहीच निघालं नाही. पाण्यात काही दिसेना. वाटी मोरीत ओतायला निघाले तेवढ्यात मॅडमनी हात धरला. ब्रश बुडवला आणि पाण्यातून काहीतरी उचललं, कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा असावा तसं. "हाच," म्हणाल्या. सॅफ्रॅनिन नावाचा लाल रंग घातला, जादा रंग धुतला, काचपट्टीवर ग्लिसरिनचा थेंब, कव्हरस्लिप सुईवर तिरकी धरून हळूहळू खाली, बुडबुडा येऊ नये म्हणून. मग सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला.

कडं होतं. एकेक वाहकगठ्ठा, म्हणजे पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांची जुडी, शेजारी शेजारी, गोलाकार ओवल्यासारखा, आणि ज्या नळ्यांतून पाणी चढतं त्या लालभडक. पुस्तकात हीच आकृती मी पाच वेळा काढली होती. पण ती कुणीतरी सोयीसाठी आखलेली आकृती आहे असंच मला वाटायचं. ती खरीच तिथे आत होती! माझ्या बोटांनी कापलेल्या खोडात. जर्नलमध्ये आकृती काढायची मी विसरले आणि त्याचे गुण गेले.

आता कबुली. मीही हा विषय हौसेने घेतला नव्हता. मेडिकलला गुण कमी पडले म्हणून आले होते, तोंड पाडून. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली तशाच. पहिले काही आठवडे आम्ही एकमेकींना "तुला किती कमी पडले?" हेच विचारायचो. "दुसरं काही मिळालं नाही का?" याचं खरं उत्तर "नाही" असंच होतं. म्हणून तो प्रश्न इतका झोंबतो बहुतेक. तेविसाव्या छेदानंतरही बाहेर कुणी विचारलं की मी "सायन्स"च म्हणायचे. आत कडं बघितलेली मुलगी आणि बाहेर "सायन्स" म्हणणारी मुलगी, एकच. लाज वाटते त्याची आज.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून कधी जात नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) वेढा पडला. तिथल्या संस्थेत जगभरातून गोळा केलेल्या बियाण्यांचा संग्रह होता, वाविलोव्ह नावाचा रशियन वनस्पतीशास्त्रज्ञ आणि त्याच्या माणसांनी देशोदेशी फिरून जमवलेला. शहर उपाशी मरत होतं. संग्रह सांभाळणारे संशोधकही मेले, भुकेने, भाताच्या आणि इतर धान्यांच्या पाकिटांमध्ये बसून, एक दाणा न खाता. त्यांचा प्रमुख वाविलोव्ह तेव्हा तिथे नव्हताच, तो स्वतःच्याच सरकारच्या तुरुंगात होता. १९४३ मध्ये तिथेच गेला, तोही उपासमारीने. कशासाठी सांभाळलं त्यांनी? ज्यांनी बटाट्याचा दुष्काळ वाचलाय त्यांना विचारावं लागणार नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला, बहुतेक शेतांत एकाच वाणाचे बटाटे, सगळे एकमेकांची नक्कल, एकाला पडला तो सगळ्यांना. दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. कोपऱ्यात वेगळं वाण जपून ठेवणारा माणूस का लागतो, ते त्यातून कळतं. आणि तो माणूस कुठून येतो? कुठल्या तरी पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकातूनच ना, बोट कापून घेत?

जाऊ दे. चिडून काय होतंय. काकाही वाईट नाहीत. पोरीच्या काळजीनेच बोलले असतील.

एक सांगायचं राहिलं. निघायच्या आधी मी भाचीला कोपऱ्यात गाठलं आणि विचारलं, "सध्या काय कापताय?"

ती जरा दचकली. मग म्हणाली, "मका. पण मावशी, मला जमत नाही. सूर्यफुलाच्या खोडात कसं छान कडं असतं, माझ्या छेदात सगळे बंडल, ते वाहकगठ्ठे गं, इकडेतिकडे पसरलेले. काहीतरी चुकलं म्हणून सहा छेद टाकून दिले मी."

मी तिला म्हटलं, अगं वेडे, मका एकदल, बीला एकच दल असणारा. एकदलात ते विखुरलेलेच असतात, कडं शोधूच नकोस. आणि पुढच्या वेळी एकच बंडल मोठं करून बघ, माकडाचं तोंड दिसेल. दोन मोठ्या वाहिन्या म्हणजे डोळे, खालची पोकळी म्हणजे उघडलेलं तोंड.

तिने डोळे मिटून आठवून बघितलं, आणि एकदम केवढ्याने ओरडली, "म्हणजे ती माकडंच होती!"

अख्खी खोली वळून बघायला लागली. "कसली माकडं?" काकांनी विचारलं. मी काही बोलले नाही. तीच त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर मक्याचं खोड काढायला लागली.