चूल नंबर दोन

गेली 19 वर्षं मी एका पतसंस्थेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसते. लोकांकडून फॉर्म भरून घेणं हे माझं काम. "मावशी, वारसाचं नाव राहिलं बघा", "काका, सही मागच्यासारखीच करा की", ही वाक्यं मी झोपेतही बोलते असं आमचे हे सांगतात. समोरचा माणूस वारसाच्या रकान्यापाशी अडखळला की मला मनातून राग यायचा. एवढं साधं विचारलंय, त्यात विचार कसला करायचा?

तो राग जूनमधल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला व्याजासकट माझ्या दारात येऊन उभा राहिला. पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. कुठल्याशा समाजविज्ञान संस्थेतून आलेली पंचविशीतली मुलगी. कुटुंबजीवन कसं बदलतंय याचा त्यांचा अभ्यास चालला होता. वॉर्डातली घरं संगणकानं चिठ्ठ्या टाकून निवडली होती आणि त्यात आमचं निघालं होतं. आमच्या घराला आजवर चिठ्ठीत काही लागलेलं नाही. भिशीतसुद्धा आमचा नंबर कायम शेवटचा.

"काकू, फक्त पाऊण तास लागेल," ती म्हणाली. बिचारी दुपारी जेवून, चारचा चहा घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली.

पहिलाच प्रश्न होता, "या घरात कुटुंबं किती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

आमचा वाडा सांगलीत गावभागात. आम्हाला नदीवर जायला दहा मिनिटं लागतात. नदी आमच्याकडे यायची म्हटली तर तेवढीही लागत नाहीत. वाड्यात तीन भाऊ, तीन जावा आणि सासूबाई. पुढच्या बाजूला थोरल्या जाऊबाई, मागं आम्ही, माडीवर धाकटी. स्वयंपाकघरं वेगळी होऊन अकरा वर्षं झाली. भांडण असं काही झालं नव्हतं. आमटीत गूळ घालायचा की नाही, एवढ्यावरच झालं. थोरल्या जाऊबाई गुळाशिवाय आमटीला आमटी म्हणत नाहीत आणि धाकटी कोल्हापूरकडची. मी मधली, माझ्या हातच्या आमटीला दोन्हीकडून नावं ठेवतात.

"सोपं आहे काकू," मुलीनं समजावलं. "एक चूल म्हणजे एक कुटुंब. एकत्र राहून एका स्वयंपाकघरातलं खाणारी माणसं. जनगणनेलाही असंच धरतात."

हे ऐकून मला बरं वाटलं आणि मी "तीन" म्हणणार, तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंची सून वाटी घेऊन आली. वाटीत वांग्याची भाजी. मी ती पातेल्यात उपडी केली, वाटी विसळली, तिच्यात कालची शेंगदाण्याची चटणी घातली आणि परत दिली. अकरा वर्षांत वाटी रिकामी गेलेली नाही. आता त्या वाटीवर नाव धाकटीच्या आईचं. तिच्या रुखवतातली वाटी, थोरल्यांच्या घरातून माझ्याकडे आली आणि माझी चटणी घेऊन परत थोरल्यांकडे गेली. मुलगी हे बघत होती. तिनं टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला.

"असं रोज होतं?"

"नाही नाही," मी म्हणाले. "संकष्टीला होत नाही."

मग आल्या सासूबाई. वय 82. त्या सकाळचा चहा थोरल्यांकडे घेतात, दुपारी माझ्याकडे जेवतात आणि रात्रीची भाकरी माडीवर, कारण धाकटीची भाकरी पातळ असते. जिना चढताना गुडघे दुखतात, पण पातळ भाकरीपुढं गुडघ्यांचं काही चालत नाही. मुलीनं अदबीनं विचारलं, "आजी, तुम्ही कुणाच्यात?"

"मी कशाला कुणाच्यात असू?" आई म्हणाल्या. "ती सगळी माझ्यात आहेत."

टॅबलेटमध्ये हा पर्याय नव्हता. आणि उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नव्हता.

मुलगी समाजशास्त्रात एम. ए. झालेली. तिला आठवलं की इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची खूण सांगताना नुसती चूल धरली नव्हती. एक छप्पर, एका चुलीवरचं अन्न, सामाईक मालमत्ता, एकत्र देवधर्म आणि आपसातलं नातं, असं सगळं मिळून त्यांनी सांगितलं होतं. आईंनी लगेच बोटं मोजायला घेतली. छप्पर एकच, गळतंही एकाच ठिकाणी, आणि पैसे तिघांनी काढायचे म्हणून चार वर्षं तसंच गळतंय. मालमत्ता एकच, उताऱ्यावर अजून सासऱ्यांचं नाव आहे आणि ते जाऊन 14 वर्षं झाली. देव एकच, थोरल्यांच्या घरात. टाक हलवायचे नाहीत असं ठरलंय. नातं तर आहेच, करता काय! पाचातली चार बोटं उभी राहिली आणि चुलीचं तेवढं मिटलं.

"मग चार बोटांचं एक घर लिही की बाळ," आई म्हणाल्या.

"आजी, मशीनला फक्त ते पाचवंच बोट कळतं."

इथं आमच्या ह्यांनी पेपर बाजूला ठेवून इतिहासात उडी घेतली. ह्यांचं म्हणणं, वेगळं होऊनही एकत्र असणं हे आपल्या जिल्ह्याच्या रक्तातच आहे. 1949 साली साताऱ्यातून आपण फुटून निघालो. पण नाव काय लावलं, तर दक्षिण सातारा. सांगली हे नाव मिळायला 1960 उजाडलं. म्हणजे धाकट्यानं वेगळी चूल मांडली आणि पुढची अकरा वर्षं पाटी थोरल्याचीच लावली. मुलीनं मान डोलावली. तिला वाटलं असावं, हा माणूस एवढं बोलला म्हणजे याला घरातलंही काही माहीत असणार. तिनं कुटुंबप्रमुख म्हणून ह्यांचं नाव टाकलं आणि विचारलं, "घरात गाद्या किती?"

"चार," हे म्हणाले, एकदम ठामपणे.

मी आतून ओरडले, "सात!" मग थांबून म्हणाले, "पण त्यातल्या तीन अडगळीत आहेत." सांगलीत गादी हा नुसता आकडा नसतो. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा वाड्यातल्या खालच्या अकरा गाद्या भिजल्या. ओली गादी चार माणसांना उचलत नाही. दोरानं बांधून ओढत रस्त्यावर नेऊन टाकली, तेव्हा तिच्यातून काळं पाणी पाझरत होतं आणि आतला कापूस चिखलासारखा दाबला गेला होता. त्यातली एक सासऱ्यांची होती. आई जोत्यावर उभ्या राहून बघत होत्या; काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून पाऊस लागला की आम्ही जादाच्या गाद्या अडगळीच्या माळ्यावर टाकतो. मुलीनं "सात" लिहिलं. खाली टेबल, पंखा, शिलाई मशीन, सायकल अशी यादी भराभर झाली. मिक्सर अडकला, कारण मिक्सर तिघींचा मिळून एकच आहे आणि त्या दिवशी तो नेमका कुणाकडे होता ते शोधायला सून माडीवर गेली होती.

माझं खरं बिनसलं ते माणसांच्या यादीपाशी. मी मुलाचं नाव सांगितलं. इंजिनिअरिंगला पुण्यात, हॉस्टेलवर. तिनं हळूच सांगितलं, हॉस्टेलवर राहणारा या घरात धरत नाहीत. मी म्हटलं, "अगं, तो दर महिन्याला येतो." आला की दारातच बॅग उपडी करतो आणि महिन्याचे कपडे ढिगानं पडतात. माणूस पुण्याचा धरायचा आणि त्याचे मोजे इथले, हा कुठला न्याय? पण तिचाही इलाज नव्हता. त्याच्या नावासमोर शून्य पडलं. अख्ख्या दिवसात मी एवढ्याच एका प्रश्नावर चिडले, आणि चहात साखर घालायची विसरले. मुलगी बिचारी तसाच प्यायली.

मग आला निर्णयांचा भाग. "माहेरी जायचं कोण ठरवतं? तुम्ही, तुमचे मिस्टर, दोघं मिळून, की दुसरं कुणी?" सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही बायकांना असं विचारतात म्हणे. मी बाणेदारपणे "मी" म्हणणार होते. पण आई समोर बसलेल्या. आणि खरं सांगायचं तर ते तसं नसतंच.

माझं माहेर तासगाव. उन्हं तापायला लागली आणि शेडमध्ये बेदाणा वाळायला पडला की मी आईंच्या कानावर घालते, "आई, यंदा बेदाणा चांगला उतरलाय म्हणतात." आई म्हणतात, "मग जाऊन घेऊन ये की दोन किलो." मी ह्यांना सांगते, "आई मला तासगावला जा म्हणतायत." हे पेपरातून मान वर न करता म्हणतात, "जा की, मी कुठं नको म्हटलंय?" आईंना वाटतं त्यांनी पाठवलं, ह्यांना वाटतं ह्यांनी परवानगी दिली. मी चार दिवस राहून येते आणि बेदाणा तीन डब्यांत वाटला जातो. आता यात ठरवलं कुणी? मुलीनं हे सगळं शांतपणे ऐकलं आणि "इतर" दाबून खाली टाइप केलं: बेदाणा. मुंबईत बसून ते वाचणाऱ्याचं काय झालं असेल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी वेळेचा हिशेब. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासानं काय काय केलं ते सांगायचं.

"साडेपाच ते सहा?"

"दूध तापवलं."

"अर्धा तास दूध?"

मग मला खुलासा करावा लागला. त्या अर्ध्या तासात डोळे दुधाकडे होते. कान गच्चीकडे, कारण नळाला पाणी आलं होतं आणि टाकी भरली की मोटर बंद करायची होती. तोंडानं लेकीची नदीची कविता म्हणून घेत होते. एका हातानं आईंची ब्लडप्रेशरची गोळी पाकिटातून काढत होते आणि दुसऱ्या हातानं कणीक. मुलगी म्हणाली, "यातलं मुख्य काम कुठलं?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. दूध उतू गेलं असतं तर दूध म्हणाले असते, टाकी वाहिली असती तर टाकी. पण त्या दिवशी काहीच उतू गेलं नाही. त्यामुळे त्या अर्ध्या तासात मी नेमकं काय केलं, हे माझं मलाच सांगता येईना.

तिनं मग मला सांगितलं की सरकारनं 2019 साली देशभर असाच हिशेब घेतला होता. घरच्यांसाठी करायच्या बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती आणि पुरुषांची 97. मला तो 97 चा आकडा ऐकून धक्काच बसला. कुठल्या गावचे पुरुष हे? पण त्यातही एक गोम होती. ही सरासरी घरकाम करणाऱ्यांची. ज्यांनी त्या दिवशी काडीही हलवली नाही ते यात धरलेलेच नाहीत. हे ऐकून आमच्या ह्यांना हायसं वाटलं. सरासरी बिघडवल्याचा आळ तरी आपल्यावर येणार नाही म्हणाले. त्यांच्या रकान्यात "साडेसात ते नऊ: भाजी आणणे" अशी नोंद आहे. भाजी म्हणजे एक कोथिंबिरीची जुडी. उरलेला वेळ मारुती चौकात चहाच्या गाड्यावर गेला, पण ते मी सांगितलं नाही. घराची अब्रू आहे.

शेवटी आम्ही "चूल नंबर दोन" ठरलो. माणसं चार: आम्ही दोघं, लेक, आणि दुपारच्या जेवणाच्या जोरावर आई. जाताना मुलीनं सगळ्यांच्या पाया पडून निरोप घेतला. धाकटीनं तिला भडंगाचा पुडा दिला, थोरल्या जाऊबाईंनी लोणचं आणि मी बेदाणा. तिन्ही चुलींचं तिच्या एकाच सॅकमध्ये गेलं.

ऑगस्टात पाऊस लागून राहिला. कोयनेतून पाणी सोडलं आणि आयर्विनपाशी पातळीनं 40 फुटांची इशारा खूण ओलांडली. 45 ला धोका. पण गावभागातला माणूस 45 ची वाट बघत नाही. दुपारपर्यंत फ्रीज, मिक्सर, टाक, आई आणि गाद्या, सगळं माडीवर. तीन सिलिंडर जिन्याच्या वरच्या पायरीवर ओळीनं लावले आणि धाकटीच्या एकाच शेगडीवर बारा जणांचा स्वयंपाक सुरू झाला. सगळ्या वाट्या एका कट्ट्यावर आल्या आणि पहिल्यांदाच कुणाची कुठली ते कळेना.

तेवढ्यात फोन. संस्थेच्या पर्यवेक्षकांचा. दोन महिन्यांपूर्वीच्या मुलाखतींची पडताळणी करायची होती म्हणे. आवाजावरून माणूस सज्जन वाटला.

"मॅडम, आपल्या घरात आज जेवायला माणसं किती?"

"बारा."

"नोंदीत चार दिसतायत. बरं, वाड्यात चुली किती?"

मी मागं वळून बघितलं. "एक."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "मधल्या काळात कुटुंबात काही बदल? लग्न, जन्म, मृत्यू?"

"पाणी," मी म्हणाले.

"तसा पर्याय नाही मॅडम."

आईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "हे बघ बाळा, पाणी उतरलं की फोन कर. तेव्हा परत तिघं होऊ." आणि ठेवून दिला.

पातळी 41 होती. शेगडीवर आमटी उकळत होती. थोरल्या जाऊबाईंनी पदराआडून गुळाचा खडा काढला आणि हळूच सोडला. धाकटीनं बघितलं, आणि खिडकीतून नदीकडे तोंड फिरवलं. 38 असती तर ऐकून घेतलं नसतं तिनं.