वारा काढला की गेम वेगवान होतो, हे साफ खोटं आहे

गेम खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: शिडाच्या जहाजांच्या खऱ्या लढाया दिवस दिवस चालायच्या, एक तोफ भरायला दहा मिनिटं लागायची, चार गोळे बसले की जहाज बुडायचं, वारा उलटा असला तर काहीच करता यायचं नाही. असा गेम कोणी खेळणार नाही आणि असे गेम आपटलेच आहेत, म्हणून वारा काढून टाका आणि गेम वेगवान करा. शेवटी आणखी एक पिल्लू सोडलंय: आंग्र्यांच्या आरमारावर गेम करायचा तर इतिहास बाजूला ठेवा, कारण त्यांच्या लढाईत डावपेच नव्हतेच, नुसती गर्दी करून जहाजावर चढायचं.

माझा भाचा गेम डिझाइन शिकतो आणि त्याचा यंदाचा प्रकल्प नेमका आंग्र्यांच्या आरमारावर आहे. हा मेसेज वाचून त्याने त्यातली वाऱ्याची सगळी मांडणी काढून टाकायला घेतली. "मावशी, वारा म्हणजे बोअर होतं गं," हे त्याचं वाक्य मेसेजमधून जसंच्या तसं उचललेलं. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी 'दिवस दिवस चालणारी लढाई'. 1 जून 1813 रोजी बॉस्टनसमोर ब्रिटिशांची शॅनन आणि अमेरिकेची चेसापीक या दोन फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या चपळ युद्धनौका, भिडल्या. पहिली तोफ उडाल्यापासून चेसापीक ताब्यात येईपर्यंत जेमतेम पाव तास गेला. ऑनलाइन गेमचा एक सामनाही बऱ्याचदा याहून लांबतो!

आणि त्या पाव तासात घडलं काय, ते नीट बघा. शॅननचा कप्तान फिलिप ब्रोक याने आपल्या गोलंदाजांकडून वर्षानुवर्षं कसून सराव करून घेतला होता. त्यांच्या माऱ्यात चेसापीकच्या सुकाणूवरची माणसं पडली, सुकाणूचं चाक उडालं, पुढच्या शिडांचे दोर तुटले. पुढची शिडं निकामी झाली की जहाजाचं तोंड वाऱ्याकडे फिरतं. तसंच झालं. वारा समोरून शिडांवर आदळायला लागला आणि चेसापीक मागे मागे सरकत, पिछाडी उघडी टाकून, शॅननच्या अंगावर आली. पिछाडीतून घुसलेला गोळा डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसं पाडत जातो, आणि तिथून उलट मारा करायला तिच्याकडे तोफा जवळपास नव्हत्याच. जहाजं एकमेकांना भिडली, ब्रोक स्वतः माणसं घेऊन चढला आणि निकाल लागला.

आता यातून वारा वजा करा. उरतात समोरासमोर उभी दोन जहाजं आणि त्यांच्या उरलेल्या ताकदीचे कमी कमी होत जाणारे दोन आकडे. कंटाळा येतो तो याचा. सुकाणू गेल्यावर पुढच्या दहा सेकंदांत कुठलं शीड सोडायचं आणि कुठलं आवळायचं, हा निर्णय खेळणाऱ्याच्या हातात असेल, तर त्याला मोबाईलकडे बघायलाही फुरसत होणार नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. लढाई झटपट होत असली, तरी लढाईपर्यंत पोहोचणं भयंकर संथ असायचं. 21 ऑक्टोबर 1805 ला स्पेनच्या किनाऱ्यावरच्या ट्रफाल्गरजवळ ब्रिटिश आणि फ्रेंच-स्पॅनिश आरमारांनी पहाटे एकमेकांना पाहिलं आणि पहिला गोळा सुटला दुपारी बाराच्या सुमारास. वारा इतका मंद होता की ब्रिटिश सेनापती नेल्सनची जहाजं माणसाच्या चालीने पुढे सरकत होती. जुलै 1812 मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर कॉन्स्टिट्यूशन या अमेरिकन फ्रिगेटचा ब्रिटिशांनी केलेला पाठलाग दोन दिवसांहून जास्त चालला. वारा पडल्यावर खलाशी होड्या वल्हवत जहाज ओढत होते, नांगर पुढे नेऊन टाकत होते आणि त्याच्या दोराने जहाज खेचत होते. हे सगळं खऱ्या वेळेत खेळायला लावलं तर कोणीही उठून जाईल.

पण त्यावरचा उपाय म्हणजे वेळ आवळणं. वाऱ्याला हात लावायची गरज नाही, आणि हे कधीच करून झालंय. 'सिड मायर्स पायरेट्स!' या गेमच्या 2004 च्या आवृत्तीत कॅरिबियन समुद्र काही मिनिटांत ओलांडता येतो, तरी पूर्वेच्या वाऱ्यामुळे पश्चिमेकडून परत येणं जड जातं. लढाईत प्रत्येक जातीचं जहाज वाऱ्याच्या वेगळ्या कोनात जोरात धावतं, आणि लढाई काही मिनिटांत आटपते. 'एम्पायर: टोटल वॉर' 2009 चा. त्यात मराठे घेऊनही खेळता येतं. समुद्रावरच्या लढाईत वारा आहे आणि कंटाळा आला तर वेळ पळवायचं बटणही आहे.

तोफ भरायला दहा मिनिटं? तरबेज टोळी दीड-दोन मिनिटांत भरायची. चार गोळ्यांत जहाज बुडणं तर गेममधूनच इतिहासात घुसवलंय. ट्रफाल्गरला फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून 33 मोठी जहाजं लढली. त्या दिवशी 17 पकडली गेली आणि एक जळून फुटलं. लाकडी जहाज सहज बुडत नाही. आधी त्याच्या डोलकाठ्या मोडतात, मग माणसांची हिंमत.

'वास्तववादी गेम आपटतात' यात अर्धं तथ्य आहे. 'नेव्हल ॲक्शन' या शिडाच्या जहाजांच्या ऑनलाइन गेममध्ये एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाण्यातच संध्याकाळ निघून जायची. म्हणजे दोष पुन्हा प्रवासाचा. उलट 2018 च्या 'सी ऑफ थीव्ह्ज'मध्ये नांगर हातांनी उचला, शिडं वाऱ्याकडे वळवा, भोकांना फळ्या ठोका, बादलीने पाणी उपसा, ही कामं हाच खेळ आहे आणि तो जगभर खेळला जातो. 'ब्लॅक फ्लॅग' हा चाच्यांचा गेम मलाही आवडतो. त्यात जहाज वाऱ्याच्या तोंडावरही बिनदिक्कत धावतं, ते त्या गोष्टीला चालून जातं. सगळ्या जहाजी गेमांचा तो कायदा नव्हे.

आता आंग्रे. 'डावपेच नव्हते' हे वाचून माझा संताप झाला. रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, तिचाच इतिहासकार. आंग्र्यांना तो चाचेच म्हणतो. तरी त्याने त्यांच्या लढाईचं केलेलं वर्णन हा पायरी-पायरीचा डाव आहे. वारा असला तर गुराबा, म्हणजे त्यांची तोफांची मोठी लढाऊ जहाजं, शिडांवर सुसाट निघायच्या. वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं त्यांना ओढून न्यायची. सावजाच्या पिछाडीला जमायचं, आणि गुराबांच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, 9 ते 12 पौंडी तोफांनी लांबूनच मारा सुरू करायचा, तोही आधी फक्त डोलकाठ्यांवर, तिन्ही डोलकाठ्या एकदम नजरेच्या टप्प्यात येतील असा कोन धरून. त्या पडल्या की जवळ जाऊन चहूबाजूंनी ठोकायचं. एवढ्यावरही शरण आलं नाही, तरच दोन-तीनशे माणसांनी भरलेली गलबतं एकाच वेळी सगळीकडून चढाई करायची.

चढाई ही शेवटची पायरी होती. मेसेजवाल्याने तीच तेवढी उचलली आणि आधीचं सगळं पुसून टाकलं.

वारा पडण्याला इथे केवढी किंमत आहे ते बघा. कंपनीच्या उंच जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असायच्या. त्या गुराबांवर रोखायच्या तर अख्खं जहाज वळवायला हवं, आणि वारा नसताना ते वळत नाही. तोवर वल्ह्यांवर ओढलेली गुराब बरोबर त्याच्या मागे येऊन बसलेली असते. गुराब खेळणाऱ्याला आता एकेक गोळा डोलकाठीवरच बसवायचाय आणि तोही घाईत, कारण झुळूक परत आली की ते जहाज वळणार आणि एका कुशीच्या सगळ्या तोफा एकदम उडणार.