पायात बूट म्हणजे ‘इन माय फीट’?

सुट्टीला आलेली सातवीतली भाची काल ‘द फॅन इज ऑन माय हेड’ घोकत बसली होती. पंखा पडला की काय, असं विचारलं तर तिनं ताईच्या मोबाइलवरचा फॉरवर्ड दाखवला: ‘वर म्हणजे ऑन, -त म्हणजे इन, -ला म्हणजे ॲट, खाली म्हणजे अंडर. लहान गावाला ॲट, मोठ्या शहराला इन. प्रिपोझिशन संपली!’

संपली कसली? ‘ऑन’ला वर-खाली कळतच नाही, त्याला टेकलेलं असणं लागतं. म्हणून छताला उलटी चिकटलेली पालसुद्धा ‘ऑन द सीलिंग’, आणि न टेकलेला पंखा ‘ओव्हर’ किंवा ‘अबव्ह’. टेबलावर दिवा आणि टेबलाच्या वर दिवा यांतला फरक मराठी पोराला न शिकवता कळतो. फॉरवर्ड तोच पुसून टाकतो. आता त्याच हिशेबानं पुढे जा. पायात बूट: ‘इन माय फीट’. बोटात अंगठी: ‘इन माय फिंगर’, म्हणजे डॉक्टरकडेच न्यायला हवं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ऑन’. झाडाला कैऱ्या: ‘ॲट द ट्री’, जणू कैऱ्या झाडापाशी कुणाची वाट बघत उभ्या आहेत.

यात पोरांची चूक नाही. नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक संस्थेत बोअरमन आणि पेडरसन या भाषा-अभ्यासकांनी १९९२ साली ७१ चित्रांचा संच केला. वस्तू कुठे आहे एवढंच प्रत्येक भाषेच्या माणसाला विचारायचं. इंग्रजी जिथे सगळीकडे ‘ऑन’ म्हणते, तिथे शेजारचीच डच भाषा टेबलावरच्या कपाला ‘ऑप’, भिंतीवरच्या चित्राला ‘आन’ आणि बोटातल्या अंगठीला ‘ऑम’ म्हणते. सख्ख्या शेजाऱ्यांचं जुळत नाही, तिथे मराठीचं एकास एक कसं जुळेल?

गाव-शहराचा नियम अगदीच खोटा नाही, आमच्या वेळी पुस्तकातही होता. पण खरी गोष्ट आकाराची नाही. जागा नुसता ठिपका धरली की ‘ॲट’, आत वावरायची धरली की ‘इन’. एवढं मोठं पुणे, तरी गाडी ‘स्टॉप्स ॲट पुणे’. एवढंसं खेडं, तरी माणूस राहतो ‘इन अ व्हिलेज’. आपणही गाडी पुण्याला थांबली म्हणतोच.

‘अंडर’चं राहू द्या. खोका आणि चेंडूच्या चित्रापुरतं ते चालतं.

ताईनं तोवर तो फॉरवर्ड आणखी तीन ग्रुपवर टाकला होता.