चार चुली आणि एक मेव्हणा

मेव्हणा गाडीवेडा निघाला की दाजीला जन्मभर बॅटरी धरावी लागते. "दाजी, उजवीकडं. तुमच्या न्हवं, माझ्या उजवीकडं!"

सध्या त्याच्या दोन सीटच्या जपानी गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, बसवणं चाललंय. कंपनीनं एकच दिलेली असते. हवा तिथनं आत येते, मॅनिफोल्डमध्ये जमते आणि मग चौघांत वाटली जाते. एकत्र कुटुंब, एक चूल. आता वाटणी करून चार चुली मांडायच्या. प्रत्येकाच्या उंबऱ्यापाशीच हवा, त्यामुळं पाय हलला की इंजिन लगेच ओरडतं. "अरे, चाललंय ते बरं आहे की," म्हटलं, तर त्यानं वंशावळच काढली. 1989 च्या स्कायलाइन जीटी-आरला सहा, 2000 च्या बीएमडब्ल्यू एम थ्रीला सहा, मॅक्लारेन एफ वनला तर बारा! मी बॅटरी पुन्हा उजवीकडं धरली.

लोखंडाचं काम कोल्हापुरात अडत नाही, हे मात्र खरं. इंजिनाच्या हेडवर कागद दाबून ग्रीसच्या बोटानं पोर्टांचा छाप घेतला आणि उद्यमनगरात नेला. मिस्त्रींनी तो उजेडाकडं धरला, अंगठ्यानं कडा चाचपली आणि म्हणाले, "हुतंय की." कशाला, कुठल्या गाडीला, एक प्रश्न नाही. थ्रॉटल बॉड्या जुन्या सुपरबाईकच्या होत्या. बाईकचे सिलिंडर खेटून, गाडीचे ऐसपैस, म्हणून तो संच तोडून एकेक सुटी केली, ॲल्युमिनियमच्या जाड प्लेटवर आर्गन वेल्डिंगनं नळ्या जोडल्या. काम असं झालं, की मिस्त्री स्वतःच त्यावरनं दोनदा हात फिरवून गेले.

अडलं ते कॉम्प्युटरपाशी. आजच्या गाडीला ॲक्सिलरेटरची केबलच नसते. आपण पाय दाबतो ते ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, नुसतं कळवलं जातं, थ्रॉटल किती उघडायचा ते तोच ठरवतो. त्याला आत येणारी हवा मोजायची सवय, आणि आता तोंडं चार. सेन्सर बसवायचा कुठल्या? मूळ ईसीयूनं डॅशबोर्डवर होते नव्हते तेवढे दिवे लावले. मग वेगळा ईसीयू आला आणि पुण्याहून लॅपटॉपवाला पोरगा आला. थ्रॉटल इतका उघडा, आरपीएम इतके, तर पेट्रोल इतकं, असे आकडे तो चौकटी-चौकटीत भरत बसला. माझ्या मते गाडीत जास्तीत जास्त घाम त्याचाच गेलाय.

माझी बढती झाली ती ट्युनिंगच्या वेळी. चारही बॉड्यांतनं हवा सारखी जायला हवी, म्हणून रबरी नळीचं एक टोक माझ्या कानात आणि दुसरं एकेका तोंडापाशी. "कुठला जास्ती फुसफुसतोय, दाजी?" तिसरा. स्क्रू फिरवला. आता पहिला. बायको चहा घेऊन आली आणि काही न बोलता परत गेली.

वाटणीत नेहमीचं झालंच. सामाईक मॅनिफोल्ड होता तोवर ब्रेक बूस्टरला, म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या डब्याला, तिथनं व्हॅक्यूम मिळायचा. आता म्हाताऱ्याला कुणी पोसायचं? पहिल्यांदा ब्रेक दाबला तर पॅडल दगड. शेवटी चौघांकडनं बारक्या नळ्या काढून एका डब्यात वर्गणी गोळा केली.

चाचणीला शिये-कसबा बावडा रस्त्याला निघालो. एवढी ताकद म्हणे वरच्या आरपीएमला, आणि हंगाम उसाचा. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ओव्हरटेकला जागा नाही. खालच्या आरपीएमला थ्रॉटल केसभर उघडला तरी हवा बदाबदा आत येते, त्यामुळं गाडी आचके देत दुसऱ्या गिअरमध्ये सरकत होती. वरनं पाला उडत होता. "निदान आवाज तरी ऐका," म्हणत मेव्हण्यानं क्लच दाबून ॲक्सिलरेटर पिळला.

ट्रॅक्टरवर कर्णे बांधलेले, गाणं दणक्यात. ड्रायव्हरनं मागं वळून आमच्याकडं बघितलं, हसला आणि आवाज आणखी वाढवला.