उपासाचं रताळं मटणात

‘काही लागलं तर हक्कानं सांगा’ हे वाक्य आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. जिन्यात म्हणायचं, दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हणायचं. समोरचा ‘हो हो, नक्की’ म्हणतो आणि दोघंही सुटतात. अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली तरी माझी ही सवय गेली नव्हती. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीणबाई पाय घसरून पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं, तेव्हा मी तेच वाक्य इंग्रजीत टाकून दिलं. बाईंचं वय ८१. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “तुला मटण येतं ना? दर रविवारी जिन्यात वास असतो.”

आम्ही राहतो न्यू जर्सीतल्या हायलंड पार्कमध्ये. शेजारच्या एडिसनमध्ये चितळ्यांच्या बाकरवडीपासून गणपतीच्या मखरापर्यंत सगळं मिळतं. आमच्या गल्लीत मात्र शनिवारी गाड्या हलत नाहीत, कुटुंबंच्या कुटुंबं पायी सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, जाताना दिसतात. बाई त्यांच्यातल्याच. तीन दिवसांवर रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष आलेलं. घरी अकरा माणसं जेवायला. आणि बाईंच्या घरी त्या दिवशी त्सिमेस झाला नाही, असं एकही वर्ष गेलेलं नाही.

त्सिमेस म्हणजे गाजर, रताळी, प्रून्स (सुकवलेले आलुबुखार) आणि मध घालून तीन-तीन तास शिजवलेलं मांस. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. हो, एकाच पातेल्यात.

माझा जन्म कोल्हापूरचा. आमच्याकडे मटण म्हणजे आधी आळणी काढायचं, त्यातून पांढरा आणि तांबडा, आणि तांबड्यावर बोटभर कट. रताळं हा पदार्थ मला माहीत आहे तो आषाढी एकादशीचा आणि महाशिवरात्रीचा. ते मटणात टाकणं म्हणजे वारकऱ्याला धरून आखाडपार्टीला बसवण्यासारखं. शिवाय मी लग्न केलं ते पुण्यातल्या कोकणस्थांत. म्हणजे गोड आमटी, गोड भाजी, गोड उसळ अशी आठ वर्षं काढल्यावर माझ्या हक्काचा एकच पदार्थ उरला होता, तोही आता मधात बुडणार होता.

मूळ पाककृतीत बैलाच्या छातीचं मांस असतं. ते आमच्याकडे चालत नाही म्हटल्यावर बाई स्वतःच मेंढीवर आल्या. “चव न बघता स्वयंपाक करणाऱ्यावर माझा विश्वास नाही,” म्हणाल्या. मी कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांत बसणारं मांस विकणाऱ्या खाटकाकडे गेलो आणि सवयीनं मांडीचं मागितलं. तो म्हणाला, मांडी नाही, खांदा घ्या. का? तर ज्यूंच्या मूळपुरुषाची, याकोबाची, एका रात्री देवदूताशी कुस्ती झाली, पहाटेपर्यंत चालली, त्यात याकोबाच्या जांघेला मार बसला. तेव्हापासून मांडीतली ती शीर खायची नाही. शीर सोडवायचं काम इतकं किचकट की इकडचे कोशर खाटीक जनावराचा मागचा भागच सहसा ठेवत नाहीत. आता कुस्तीच्या मानापायी हजारो वर्षं मांडी सोडलेली माणसं कोल्हापूरच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. मी मनातल्या मनात खासबागेला हात जोडले आणि चार पौंड खांदा घेतला.

स्वयंपाक बाईंच्याच ओट्यावर करायचा होता, कारण आमचं स्वयंपाकघर कोशर नाही. त्यांच्याकडे भांड्यांचे दोन संच, दोन सिंक, दोन रंगांचे स्पंज. मांसाचं लाल, दुधाचं निळं. दोन्हीची गाठ पडता कामा नये, कारण करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये असं त्यांच्या ग्रंथात सांगितलंय, तेही तीन वेळा. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या आजीनं मटणाचं पातेलं उभ्या जन्मात उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. परसात तीन दगडांची चूल, तिथंच शिजवायचं, तिथंच घासायचं आणि पातेलं पालथं घालायचं तेही न्हाणीघराच्या पत्र्यावर. मी छाती फुगवून म्हटलं, “काळजी करू नका, मला सोवळं कळतं.”

आणि पुढच्या दहाव्या मिनिटाला फ्रिजमधलं बटर काढून पातेल्यावर धरलं. कांदा परतायला.

८१ वर्षांच्या बाईचा आवाज इतका लागू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी पुतळ्यासारखा थांबलो. खाली मांसाचं तापलेलं पातेलं, वर माझ्या हातात बटर, मध्ये वीतभर हवा. बाईंनी डाव्या हातानं रब्बींना, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंना, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून आवाज आला, “लागलं का?” नाही. “थेंब पडला?” नाही. “मग शिजव बाई, आणि त्या मुलाला खुर्चीवर बसव.” म्हणजे निकाल स्वच्छ लागला. मला मात्र गाजरं कापायला बसवण्यात आलं आणि कांदा परतायला कोंबडीच्या चरबीची बरणी पुढे आली.

ओव्हनही मला लावू दिला नाही. अन्न शिजवण्यात ज्यू माणसाचा हात हवा, पण विस्तव त्यानं पेटवला तरी भागतं, म्हणून बाई प्लास्टर सांभाळत उठल्या आणि स्वतः बटण दाबून ३२५ फॅरनहाइट करून पुन्हा बसल्या. एक बोट लावलं आणि अख्खा स्वयंपाक त्यांचा झाला. ही कला आमच्या साहेबांना ऑफिसात साधलेली आहे, तिला धर्माचा आधार आहे हे माहीत नव्हतं.

गाजराच्या गोल चकत्याच करायच्या, उभे तुकडे चालत नाहीत. चकती म्हणजे सोन्याची मोहर. शिवाय यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत गाजराला जो शब्द आहे तोच ‘वाढो’ या अर्थानंही येतो, म्हणून नव्या वर्षाला गाजर. दोन पौंड मोहरा पाडून माझी बोटं भगवी झाली. मी त्यांना गाजराच्या पुंगीची म्हण सांगितली, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. बाईंना ती फार आवडली. “पण मोडून नाही,” त्या म्हणाल्या, “गोल कापून.”

रताळी सोलताना मी माझं दुःख बोलून दाखवलं, की हे आमच्याकडे उपासाचं आहे. बाईंचे डोळे चमकले. दहाच दिवसांवर त्यांचा योम किप्पूर होता. पंचवीस तास अन्न नाही, पाणी नाही.

“तुम्ही उपासाला काय करता?” त्यांनी विचारलं.

“साबुदाण्याची खिचडी. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी. केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. कधीकधी साबुदाणावडे. वर ताक.”

बाईंनी थोडा वेळ विचार केला. “आणि उपास कधी करता?”

एकादशी दुप्पट खाशी हे यिडिशमध्ये कसं म्हणतात, हे विचारायचं तेव्हा धाडस झालं नाही.

मग प्रून्स, संत्र्याचा रस, दालचिनी आणि मध. मध ओतताना माझा हात अडखळला. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांचं माहेर मूळचं गॅलिशियाकडचं, म्हणजे आताच्या दक्षिण पोलंडच्या बाजूचं. त्या मुलखात बीटची साखर होऊ लागली आणि ज्यू बायका माशातसुद्धा साखर घालायला लागल्या. सासर लिथुआनियाकडचं, तिथं माशात मिरी. नवरा सत्तेचाळीस वर्षं त्यांच्या हातचा मासा खाताना म्हणत होता, हा मासा आहे की मिठाई?

“मी लिथुआनियाचा,” मी जाहीर करून टाकलं. “माझी बायको गॅलिशियाची.”

यात खरी मेख अशी, की गूळ आमचाच. गुऱ्हाळं कोल्हापूरची, काहिली आमची, चटके आमच्या माणसांच्या हाताला. आणि आम्ही तो रश्श्यात चिमूटभर घालत नाही. सगळा पुण्याला पाठवतो आणि तो आमटीतून आमच्यावरच उलटतो.

बाईंनी मिरपूड पुढे सरकवली. “त्याच्या वाट्याची घाल,” म्हणाल्या. मी घातली. जरा जास्तच घातली.

तीन तास झाले. मांस काट्यानं सुटायला लागलं, प्रून्स विरघळून रस्सा काळसर तांबूस झाला, रताळ्याच्या कडा करपून साखरेसारख्या झाल्या. आणि वर चरबीचा सुंदर, चकचकीत थर आला. कट! मला गहिवरून आलं. तेवढ्यात बाईंनी डाव्या हातात पळी घेतली आणि तो सगळा थर सावकाश, निगुतीनं काढून एका डब्यात ओतला आणि डबा कचऱ्यात टाकला. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कट माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्यात गेला.

“इतकं तोंड पाडू नकोस,” बाई म्हणाल्या. “त्सिमेस करू नकोस.” यिडिशमध्ये उगाच राईचा पर्वत करण्यालाही त्सिमेस करणं म्हणतात म्हणे. सोला, चिरा, परता, तासन्‌तास राखत बसा, म्हणून. सकाळी नऊपासून उभा असलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती तत्काळ पटली.

सूर्यास्ताच्या आधी आमचा वाटा वर आला तो फॉइलच्या ट्रेमधून, म्हणजे त्यांचं भांडं आमच्या बिनकोशर घरात येऊन बाटायला नको. मी ताटात वाढून घेतलं, शेजारी आईनं पाठवलेली कांदा-लसूण चटणी घेतली आणि दार लावून घेतलं. पहिला घास तसाच खाल्ला. मग चटणीचं बोट लावून दुसरा. तिसऱ्या घासाला मऊ प्रून, तिखट चटणी आणि मांसाचा धागा असं काहीतरी एकत्र आलं, की मी चटणीची बरणी बाजूला ठेवली आणि पुन्हा जवळ ओढली. पोळी संपली तेव्हा ताटातली रताळी आधीच संपलेली होती. हे मी बायकोला सांगणार नव्हतो.

ती ऑफिसातून आली. फोडी नको, नुसता रस्सा दे म्हणाली. वाटीभर घेतला, खिडकीत उभं राहून चमचा-चमचा प्यायली. गाजराची एक मोहर चावली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. दोन पौंड गाजर, तीन मोठी रताळी, वाडगाभर प्रून्स, संत्र्याचा रस आणि अर्धी वाटी मध.

“छान झालाय,” ती म्हणाली. “गूळ नाही घातलास का?”