घरात चप्पल

टाचदुखी रात्रभर आपल्याशेजारी गुण्यागोविंदानं झोपते आणि सकाळी आपलं पहिलं पाऊल फरशीवर पडलं की मगच जागी होते. पलंग ते बाथरूम हे अंतर मी भिंत, कपाट, दाराची चौकट आणि हाताशी आलाच तर नवरा, अशा क्रमानं आधार घेत कापते. पुढे दुखणं ओसरतं आणि चहाच्या वेळी मी इतकी व्यवस्थित चालत असते, की मघाशी केलेली हाय हाय घरच्यांना नाटक वाटावी. शाळेत तास संपवून खुर्चीत टेकले आणि पुन्हा उठले, की पहिले पाढे पंचावन्न. मी भूगोल शिकवते. भूगोल बसून शिकवता येत नाही, कारण नकाशा भिंतीवर असतो.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हे आलंच मुंगीच्या पावलांनी. जाण्यासाठी बहुतेक गोगलगाय नेमली असावी.

आमच्या घरात वैद्यकीय निर्णय आई, म्हणजे माझ्या सासूबाई, घेतात. त्यांनी टाचेकडे न बघताच ‘वात’ असं निदान केलं आणि उपाय सांगितला: वीट तापवायची, तिच्यावर रुईची पानं ठेवायची आणि त्यावर टाच दाबायची. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वीट नसते. नवऱ्यानं शेजारच्या बांधकामावरून एक आणली, तीही तिथल्या वॉचमनला आपलं गोत्र सांगून. रुईची पानं शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर मिळाली. माळ करून देऊ का, असं फुलवालीनं विचारलं. पानं टाचेसाठी आहेत हे तिला आणि आत उभ्या असलेल्या मारुतीला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

शेक घेताना बरं वाटतं, हे मान्य. सकाळी मात्र टाच जैसे थे. मग काशाची वाटी निघाली. तळव्याला तूप चोपडून वाटीनं घासलं की तळवा काळा पडतो आणि आई विजयी मुद्रेनं म्हणतात, “बघ, किती उष्णता निघाली!” तूप आणि धातू इतका वेळ एकमेकांवर घासले तर काळं होणारच, असं आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणतात. पण त्या आमच्या घरी राहत नाहीत.

एका ऑफ तासाला मी स्टाफरूममध्ये चप्पल काढून टाच चोळत बसले आणि न बोलावता अधिवेशन भरलं. मराठीच्या बाईंना भेगा. त्या रोज रात्री कोकमाचं तेल पातळ करून भेगांत भरतात, वर मोजे चढवतात आणि त्यांच्या भेगा खरंच मिटत आल्यात. शिपाई मावशींना पाऊस सुरू झाला की चिखल्या. दिवसभर ओल्या फरशीवर पाय, त्यामुळे बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक आणि खाज अशी, की डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी बुरशीचं मलम दिलंय, पण खाज थांबली की मावशी मलम थांबवतात आणि पुढच्या सरीबरोबर बुरशी हजर. पायधुणं झाल्यावर बेचक्या कोरड्या पुसायच्या, एवढं एक काम कुणी करत नाही, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

पीटीच्या सरांचं प्रकरण भारी होतं. अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं. सर दर रविवारी ब्लेडनं त्या नखाचा कोपरा खोल कोरून काढत, आणि कोरलेलं नख वाढताना पुन्हा आतच घुसे. नख सरळ रेषेत कापायचं असतं, कोपरे गोल करायचे नसतात, हे त्यांना सर्जननं सांगितलं, तेही अंगठा लाल होऊन पू धरल्यावर. जागा बधिर करून नखाची कड काढली. सर त्याला ‘ऑपरेशन’ म्हणतात आणि वर्गातल्या मुलांना शौर्यकथेसारखं सांगतात.

मुख्याध्यापकांना कुरूप. त्याला मूळ असतं आणि ते मुळासकट उपटावं लागतं, यावर स्टाफरूमचं एकमत झालं. प्रत्यक्षात मूळबीळ काही नसतं. एकाच जागी बूट दाबत राहिला की कातडी आपल्या बचावासाठी जाड होते आणि मधला कठीण खडा आत टोचतो. सर दर सहा महिन्यांनी ते काढून येतात आणि दारातच त्याच टोकदार बुटांत पाय घालतात. बूट लग्नातले नसले तरी तेव्हाचे वाटतात.

माणसाच्या अंगात 206 हाडं, त्यांतली 52 दोन पावलांत. चौथा हिस्सा! पण दात किडला तर दाताचा डॉक्टर, घोरणं वाढलं तर नाकाचा डॉक्टर, आणि पायाला मात्र आयोडेक्स. न्यू जर्सीहून नणंद फोनवर म्हणाली, “वहिनी, पोडियाट्रिस्टकडे जा ना.” तिकडे पायांचे डॉक्टर वेगळे असतात. चार वर्षांचं शिक्षण, त्यावर रेसिडेन्सी आणि पायाची शस्त्रक्रियाही तेच करतात. आपल्याकडे मोठ्या शहरांत कुठे कुठे फूट क्लिनिक दिसतं. बाकी सगळा महाराष्ट्र हाडांच्या डॉक्टरांकडे जातो. मीही गेले.

डॉक्टरांनी अंगठ्यानं टाचेच्या आतल्या बाजूला एक ठिकाण असं दाबलं, की तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला प्रात्यक्षिकासह कळलं. प्लांटर फॅसायटिस. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, तो टाचेपाशी दुखावतो. रात्री तो आखडतो, म्हणून पहिल्या पावलाला कळ. एक्सरेत हाडाचं टोक वाढलेलं दिसलं आणि नवरा एकदम आदरानं माझ्याकडे बघू लागला. डॉक्टर म्हणाले, असं टोक कित्येकांना असतं आणि त्यांची टाच कधीच दुखत नाही. नवऱ्याचा आदर तिथेच मावळला.

औषध असं फारसं नव्हतंच. पलंगावरून उतरण्याआधी पंचा पावलाला अडकवून बोटं आपल्याकडे ओढायची. भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. काही महिने लागतील, पण बहुतेकांचं बरं होतं. “आणि घरात अनवाणी चालायचं नाही. मऊ चप्पल घालायची.”

“चप्पल? घरात?” आईंनी विचारलं. मी धर्मांतराची बातमी दिली असती तरी त्यांचा सूर एवढा चढला नसता.

वाटाघाटी चालल्या. नवी कोरी चप्पल, ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही, देवघरासमोर येणार नाही, स्वयंपाकघरात आलीच तर ओट्याकडे तोंड करून उभी राहणार नाही. चप्पल ओट्याकडे पाठ करून कशी उभी राहणार, हे मी विचारलं नाही. त्यातच आईंनी फ्रीझर उघडला. “ही पायाखालची बाटली इथे? मटारांशेजारी?” नवऱ्यानं बाटलीवर ‘पायाची’ असं मार्करनं लिहिलं, त्यामुळे आलेल्या पाहुण्यांनाही विषय मिळाला.

हे युद्ध निकाली निघालं ते आईंच्याच पायांमुळे. त्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे. एकदा त्या दुपारच्या उन्हात देवळातल्या दगडी फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून आल्या. “मला काही चटका बसत नाही, देवाची कृपा,” म्हणाल्या. तळव्याला फोड होता. शिवाय करंगळीवर औषधाच्या दुकानातून आणलेली कॉर्न कॅप. तिच्यातलं आम्ल कातडी जाळतं, आणि मधुमेहानं बधिर झालेल्या पायाला ते कळतही नाही. त्याच दिवशी आम्ही त्यांना फूट क्लिनिकमध्ये नेलं. तिथे डोळे मिटायला सांगून दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा तळव्यावर टेकवत गेले. “लागला की सांगा.” आई म्हणाल्या, “सुरू करा ना!” निम्म्या जागा होऊन गेल्या होत्या.

तेव्हा पहिल्यांदा घरात कुणी विनोद केला नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: माझ्यासारख्या टाचेनं दोन-चार आठवडे घरी ताणूनबिणून बघितलं तर चालतं, मधुमेह्याच्या पायानं एक दिवसही थांबायचं नाही. फोड, जखम, पू, रंग बदलणं, एकच पाय सुजून गरम होणं, मुंग्या किंवा बधिरपणा, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दाखवायचं. गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, वीटबीट तर नाहीच. रोज तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरून. आणि घरातही अनवाणी फिरायचं नाही. त्यांनी एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल लिहून दिली. हे मऊ रबर आपल्याकडे कुष्ठरोग्यांचे बधिर पाय वाचवायला वापरात आलं, हेही त्यांनी आईंना सांगितलं.

आईंचा फोड भरला. आता त्या घरभर एमसीआर चप्पल घालून फिरतात, ओट्यापाशीसुद्धा, कारण ‘ते औषध आहे’. माझी मात्र अजून चप्पलच आहे. संध्याकाळी सगळ्यांची पायतपासणी होते; नवऱ्याच्या नखांचे कोपरे गोल निघाले म्हणून त्याला परवा बोलणी बसली. गणपतीत भाचा नमस्काराला वाकला, तर आई म्हणाल्या, “आशीर्वाद नंतर. आधी मोजे काढ.”